जावेपेक्षा मोठी चाकं

कारंज्याच्या तलावाखालच्या मळ्यांत सीताबाईसारखी वांगी कोणाची येत नाहीत, असं सीताबाई स्वतःच सांगायची, आणि ते खरं असल्यामुळे ऐकणाऱ्याला जास्तच झोंबायचं. बाई उंच, दणकट हाडाची, पण वाफ्याच्या कडेवरून चालली तर मातीचं ढेकूळ हलायचं नाही. वांगं तोडावं ते देठ धरून. पोटाला बोट लागता कामा नये. सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी बांधावी ती केळीच्या ओल्या सोपटानं, म्हणजे पानं उन्हात माना टाकत नाहीत. अशी सगळी कामं तिला नेटकी जमत. एकच जमत नसे, दुसऱ्याचं बरं झालेलं पाहणं. दुसऱ्याचं म्हणजे तरी कोणाचं? गावातल्या शेटजीनं घरावर माडी चढवली तर तिला काही वाटायचं नाही. तिच्या पोटात दुखायचं ते एकाच माणसापायी, आणि ते माणूस बांधापलीकडे राहत होतं. तिची धाकटी जाऊ, तुळसाबाई.

तुळसा लग्न होऊन या घरात आली तेव्हा बारा-तेरा वर्षांची होती. सीताबाईनं तिच्या वेण्या घातल्या, तिला पाटाचं पाणी वळवायला शिकवलं, गिऱ्हाइकावर न चिडता घासाघीस कशी करायची ते बाजारात शेजारी बसवून दाखवलं. पोर शिकत होती तोवर सीताबाईचा तिच्यावर जीव होता. पोर शिकून तयार झाली आणि तिथंच बिनसलं. लोक म्हणू लागले, तुळसाची भाजी पाहा कशी ताजी असते. कोणाच्या हाताखाली शिकली हे म्हणायची बुद्धी मात्र कोणाला होईना.

सासू वारली त्याच्या पुढच्या वर्षी मळ्याची वाटणी झाली. विहीर सामाईक राहिली. बैलजोडी थोरल्या भावाकडे, म्हणजे सीताबाईच्या नवऱ्याकडे, चंपतकडे आली आणि बंडी गेली धाकट्या हिरालालकडे. ही अक्कल पंचांची. एका घरी बैल उभे, पण जुंपायला बैलगाडी नाही. दुसऱ्या घरी बैलगाडी उभी, पण ओढायला बैल नाहीत. चंपत गरीब स्वभावाचा. त्याला तंबाखूची चिमूट आणि लिंबाची सावली मिळाली की जगाबद्दल त्याची काही तक्रार नसे. तो बैल शेजारच्या मळेकऱ्याच्या बंडीला द्यायचा आणि त्याच बंडीत आपल्या चार पाट्या टाकून बाजारला जायचा. हिरालालनं मात्र चार महिन्यांत नवी जोडी घेतली, आणि बंडीची लाकडी चाकं काढून तिला जुन्या मोटारीची रबरी चाकं लावली.

एकोणीसशे त्रेपन्न-चोपन्नची ही गोष्ट. रबरी चाकांच्या बंड्या त्या भागात अजून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. लाकडी चाकाला लोखंडी पट्टीची धाव असते. ती दगडावरून गेली की पाट्यांतली भेदरं, म्हणजे टोमॅटो, एकमेकांवर आपटून फुटतात, बाजारात पोचेपर्यंत निम्म्यांचा रस गळतो. रबरी चाकांच्या बंडीत तसं काही नाही. तुळसाची भेदरं झाडावरून आत्ता उतरल्यासारखी बाजारात जाऊ लागली, बैलांचं ओझंही हलकं झालं, आणि जिथं दीड तास लागायचा तिथं हिरालालची बंडी पाऊण तासात पोचू लागली.

एवढ्यावर सीताबाईनं रात्रीची झोप घालवली नसती. तिची झोप गेली ती जागेपायी. कारंज्याच्या आठवडी बाजारात फाटकाजवळ एक कडुलिंब होता. त्याच्या खोडाला टेकून भाजीवालीची एक जागा होती. दिवसभर सावली, आणि बाजारात शिरणाऱ्या प्रत्येक माणसाची पहिली नजर तिथंच. सीताबाईची सासू तिथं बसली, तिच्या मागं एकोणीस वर्षं सीताबाई बसली. पण बाजारात जागेचा कागद नसतो. दिवस वर यायच्या आत जिचं पोतं पडलं तिची जागा, हा तिथला कायदा. आणि एखादीचा एक बाजार चुकला, तिच्या जागेवर दुसरीनं माल विकला, की ती जागा कायमची दुसरीची. मग रडा, भांडा, कोणी ऐकत नाही. सीताबाईनं एकोणीस वर्षांत एक बाजार चुकवला नव्हता. मुलगा झाला त्या आठवड्यातही सासूच्या हाती पोतं पाठवलं होतं.

आणि वाटणीनंतर एका बाजारी, शेजाऱ्याच्या खडखडत्या बंडीतून ती उन्हं पडल्यावर पोचली, तर लिंबाखाली तुळसा. ऐटीत बसलेली, समोर भेदरं रचलेली, भोवती गिऱ्हाइकं. सीताबाईच्या डोक्यात जणू कोणी निखारे ओतले. तिनं तुळसाकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं, तरातरा पुढं गेली आणि पार पलीकडे, वाळल्या मासळीच्या शेजारी, जिथं माणूस नाकाला पदर लावूनच येतं, तिथं पोतं टाकलं. त्या दिवशी तिनं धाकट्या जावेशी अबोला धरला. त्या घरात सासूची एक रीत होती. थोरलीनं अबोला धरला की धाकटीनं आधी तोंड उघडायचं नाही. तुळसानं उघडलं नाही. सीताबाईला त्याचाही राग आला. हिला काही बोलावंसंही वाटू नये!

मग वर्षभर ती जळत राहिली. लाकडी चाकांची बंडी निघाली की साऱ्या मळ्याला कळतं, दोन चाकांमधला आख करकरतो, धाव दगडावर वाजते. रबरी चाकांना आवाजच नाही. तुळसा पहाटे केव्हा निघते हे सीताबाईला कानावरून कळायचं नाही. ती उठायची, मळ्यांमधल्या बंडीवाटेवर, पांदणीत, जायची, आणि तिथं धुळीत वेणीसारखी नक्षी आधीच उमटलेली दिसायची. दोन्ही बाजूंना, सरळ, बाजाराकडे गेलेली. सीताबाई ती नक्षी पायानं पुसायची. पुसून काय होणार, हे तिलाही ठाऊक होतं. तरी दर बाजारी पुसायची.

दोन हंगाम चांगले गेले तेव्हा तिनं चंपतला सांगितलं की आपली स्वतःची बंडी करायची. चंपतला कशालाच नाही म्हणायची सवय नव्हती. सडकेच्या कडेला रामराव सुताराचं काम चालायचं. रामराव वयस्कर, हाताचा कसबी, पण तोंडाचा तिखट. त्यानं माल ठेवायची बाभळीची साटी केली, बैल जुंपायचा धुरा केला, सुबक लाकडी चाकं केली. पाहणाऱ्यानं हात फिरवावा अशी बंडी झाली. सीताबाई ती पाहायला गेली, चाकांकडे बोट दाखवलं आणि म्हणाली की ही काढून ठेवा, आपल्याला रबरी लावायची आहेत. रामरावानं लाकूड तासायचा वाकस खाली ठेवला. बारा-बारा आरे बसवायला त्याला पंधरा दिवस लागले होते.

आता रबरी चाकं कशी निवडायची हे सीताबाईला काय माहीत? तिच्या घराण्यात कोणी मोटारीत बसलेलंही नव्हतं. ज्याला माहीत होतं तो हिरालाल बांधापलीकडे होता. त्याला विचारायचं म्हणजे तुळसाच्या कानावर जाणार, आणि त्यापेक्षा सीताबाईनं विहिरीत उडी घेतली असती. चंपत एकदा म्हणालाच, हिरालालनं कोणती आणली ते विचारून येऊ का? सीताबाईनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो तंबाखू मळत बाहेर जाऊन बसला.

तिनं स्वतःचीच युक्ती काढली. तुळसा विहिरीवर धुणं धूत होती आणि हिरालाल शेतात वखर हाकत होता, तेव्हा सीताबाई सुतळीचा तुकडा घेऊन त्यांच्या गोठ्यापाशी गेली. बंडीच्या चाकाला जमिनीपासून वरपर्यंत सुतळी लावली आणि वर गाठ मारली. बस्स. एका चाकाची उंची. दोन चाकांमध्ये अंतर किती आहे, हे मोजावं असं तिच्या मनात आलं नाही. ते कशाला मोजायचं? बाजारात लोक अंतर पाहत नाहीत, चाक पाहतात. परत येताना तिनं मनाशी ठरवलं की आपलं चाक या गाठीच्या वर गेलं पाहिजे, चांगलं वीतभर वर.

कारंज्यात कापसाच्या जिनाच्या मागं मदनसिंग नावाचा एक म्हातारा लॉरी ड्रायव्हर मोडीत निघालेल्या मोटारींचा माल विकायचा. चाकं, आख, पाटे, दिवे, काय म्हणाल ते. लढाईच्या वेळच्या लष्करी गाड्या मोडून आलेला माल त्याच्या आवारात ढिगानं पडला होता. सीताबाई नवऱ्याला मागं ठेवून पुढं शिरली. मदनसिंगनं तिला आधी जीपची चाकं दाखवली. बंडीला हीच बरी, असं तो म्हणाला. आख आखूड, वजन कमी, बैलांच्या मानेला त्रास नाही. सीताबाईनं सुतळी काढून लावली. चाक बरोबर गाठीपाशी आलं. म्हणजे हिरालालनं हीच नेली असणार. तिनं नाक मुरडलं आणि भिंतीला टेकलेल्या लष्करी लॉरीच्या चाकांकडे बोट दाखवलं. ती चाकं तिच्या कमरेच्याही वर येत होती.

मदनसिंगनं ती नाकारली नाही, पण विकायचीही घाई केली नाही. त्याला सरळ माणूस म्हणावं लागेल. त्यानं विचारलं की बंडी कुठून चालणार, पांदणीतून की सडकेवरून? या चाकांचा आख रुंद आहे, पांदणीच्या चाकोरीत बसणार नाही. सीताबाईला वाटलं, बाई माणूस पाहून हा आपल्याला लहान चाकं खपवतो आहे.

"आमची बंडी सडकेवरच चालते," ती म्हणाली.

मागं चंपतनं तोंड उघडलं. मळ्यापासून सडकेपर्यंत निव्वळ पांदण होती, आजोबांच्या काळापासून बंड्या जाऊन जाऊन हातभर खोल चाकोरी पडलेली, आणि ते त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पण बायकोचा चेहरा पाहून त्यानं तोंड मिटलं. मदनसिंगनं खांदे उडवले आणि चाकं बाहेर काढली.

रामराव सुतारानं आखावर माप ठेवलं आणि सांगितलं की हा वीत-दीड वीत जास्त रुंद आहे. सीताबाई म्हणाली की रुंद आहे म्हणूनच आणला. त्यानं आणखी एकदा सांगितलं की साटी फार वर जाईल, बंडी उलार होईल, म्हणजे मागं ओझं पडलं की पुढचा धुरा वर उचलला जाईल. सीताबाईनं विचारलं की पैसे बोलायचे घेतोस की काम करायचे? मग रामरावही हट्टाला पेटला. त्यानं दोन दिवस एक अक्षर न बोलता चाकं बसवली आणि आपली लाकडी चाकं भिंतीला लावून वर गोणपाट टाकलं.

बंडी तयार झाली आणि तीन दिवस सडकेच्या कडेला उभी राहिली. खरं तर काम आधीच संपलं होतं. पण सडकेवरून बस जायची, बाजारहाटाची माणसं जायची, आणि सीताबाईला ती सगळी पाहायला हवी होती. लोक थांबत, चाकाला हात लावत. मंगरूळला जाणारा एक माणूस तर बसमधून वाकून पाहत गेला. सीताबाई सुतारापाशी उगाच काही ना काही कामानं दिवसातून चार वेळा येऊन जायची. तिसऱ्या दिवशी हिरालालही आला. त्यानं बंडीला एक फेरी मारली, खाली वाकून आख पाहिला आणि डोकं खाजवलं.

"वयनी, आख लय रुंद हाये. आपल्या पांदणीत जमन का?"

सीताबाईच्या अंगावर सुखाचा काटा आला. जळला, तिला वाटलं. अखेर एकदाचा कोणीतरी तिच्या घरचं काही पाहून जळला. ती हसली आणि तिनं बैल जुंपायला सांगितले. रिकामी बंडी पांदणीतून मळ्यापर्यंत गेली, पण डुलत, एका अंगाला कलत, नाल्यातल्या दगडावरून घासत. चंपत म्हणाला की डुलते जराशी. सीताबाई म्हणाली की नवी आहे, सवय होईल. संध्याकाळी तिनं कुंपणाच्या फटीतून पाहिलं. तुळसा अंगणात उभी राहून मोठ्या चाकांकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते सीताबाईला इतक्या लांबून दिसलं नाही. तिनं हवं ते वाचून घेतलं आणि त्या दिवशी भाकरी जास्त खाल्ली.

बाजाराच्या दिवशी पहाटे तिनं पांदणीत जाऊन पाहिलं. धूळ कोरी होती, नक्षी उमटली नव्हती. वर्षभरात पहिल्यांदा ती तुळसाच्या आधी निघत होती. वांग्यांच्या सहा पाट्या, भेदरांच्या पाच, सांभाराच्या जुड्या ओल्या गोणपाटात, वरती कोबीचं पोतं. चंपतनं बैल हाकले. उजवं चाक चाकोरीत होतं, डावं कडेच्या उंचवट्यावर. बंडी कलली, सीताबाईनं पाट्या धरल्या. पहिला फर्लांग तसाच गेला. मग नाला आला. नाल्याच्या चढावर पांदण दोन दगडी कडांच्या मधून जाते, जेमतेम एका बंडीपुरती. तिथं उजवं चाक चाकोरीत खोल गेलं, डावं दगडावर चढलं आणि अडकलं. बैलांनी जोर केला तसा वरचा माल मागं सरकला आणि बंडी उलार झाली. धुरा वर उचलला गेला, जू बैलांच्या मानेवरून वर गेलं, आणि जुवाला बांधलेल्या जोत्यांच्या पट्ट्यांनी त्यांचे गळे आवळले. चंपतनं उडी मारून धुऱ्यावर पोट टाकलं आणि लोंबकळत राहिला. तो धुऱ्यावर होता म्हणून बैलांना श्वास येत होता. तो खाली उतरला तर बैल गेले. भेदरांची एक पाटी उलटली आणि नाल्यात घरंगळत गेली.

सीताबाई खाली उतरली. डाव्या चाकाला खांदा लावला, काही हललं नाही. मागून बंडी येताना ऐकू आली नाही, एकदम दिसली. हिरालालची. तिच्यावर तुळसा, पुढं पाय सोडून. आणि तिच्यामागं लाकडी चाकांच्या आणखी दोन. बाजूनं वाट नव्हती. सगळे थांबले.

त्या क्षणी सीताबाईला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. तिला आधी दिसलं ते हे की तुळसाला आता पुढं जाता येणार नाही. आपली बंडी इथं राहिली तर आज लिंबाखाली कोणीच बसणार नाही, मी नाही तर तीही नाही. इतका गार वारा तिच्या काळजाला वर्षभरात लागला नव्हता. ती सरळ नाल्याच्या कडेला धोंड्यावर जाऊन बसली. हिरालालनं हाक मारली की वयनी, माल उतरवू, चौघं मिळून उचलू. ती म्हणाली की घाई काय आहे, बैलांना जरा दम घेऊ दे. बैलांना दम कसला, गळे धरलेले होते, आणि चंपत धुऱ्यावर आडवा पडून कण्हत होता. ती तरी बसून राहिली. पूर्वेला उजाडायला लागलं होतं. सहा पाट्या वांगी सुकली तरी चालेल, तिच्या मनात आलं. तिचीही सुकतील.

मग तुळसा बंडीवरून खाली उतरली. नाल्यातून, चिखलातून, सीताबाईपाशी आली आणि समोर उभी राहिली. एक वर्ष झालं होतं. सासूची रीत तिनं तिथंच मोडली.

"बाई, दिवस वर येऊन राह्यला. तुमचं पोतं द्या माह्याकडं."

सीताबाईनं तिच्याकडे पाहिलं. पोतं कशाला हवंय? माझ्याच पोत्यावर बसून माझीच जागा घेणार? तुळसानं वाट पाहिली नाही. तिनं सीताबाईच्या बंडीवरचं रिकामं पोतं ओढलं, काखेत मारलं, लुगड्याचा काचा वर खोचला आणि बांधावरून, तुरीतून, सरळ रेषेत गावाकडे पळत सुटली. माल नाही, पाटी नाही, हातात एक पोतं. सीताबाई ताडकन उठली. तिला वाटलं की आपण मूर्ख ठरलो. पायी जाता येतं हे आपल्याला सुचलं नाही आणि हिला सुचलं.

आता तिला बैल आठवले. तिनंच आरडाओरडा करून सगळ्यांना कामाला लावलं. माल उतरवला, बैल सोडले, चौघा-पाचांनी डावं चाक दगडावरून उचलून पुढं ढकललं. चंपत धुऱ्यावरून उतरला तेव्हा त्याच्या पोटावर वळ उठले होते. तो बायकोला एवढंच म्हणाला, "काहून वं बसून राह्यली होती?" ती पाट्या उचलू लागली. पुन्हा माल चढवून सडकेला लागेपर्यंत ऊन चांगलंच पडलं होतं. सडकेवर मात्र ती मोठी चाकं अशी पळाली की काय सांगावं. वाटेतली माणसं थांबून पाहत होती. सीताबाईनं त्यांतल्या एकाकडेही पाहिलं नाही.

त्या चाकांचं काय झालं ते इथंच सांगून टाकतो, कारण पुढं ते सांगायला जागा नाही. पुढच्या आठवड्यात सीताबाई मदनसिंगकडे स्वतः गेली आणि म्हणाली की मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं, आमची पांदण आहे. त्यानं हसून ती चाकं परत घेतली आणि जीपची दिली. रामरावानं चाकं बसवताना आधी आख चाकोरीवर धरून पाहायला लावला, आणि सीताबाई मुकाट्यानं पांदणीत आखाचं एक टोक धरून उभी राहिली. पुढं मळ्यातल्या कोणी रबरी चाकं घ्यायची काढली की ती आपणहून सांगायला जायची, चाक पाहू नका, आधी वाट मोजा. कुठून शिकलीस, असं कोणी विचारलं तर मात्र विषय बदलायची.

तर त्या दिवशी ती बाजारात पोचली तेव्हा लिंबाखाली गलका चालला होता. रुपाबाई नावाची कांदेवाली, जिचा त्या जागेवर कितीतरी वर्षांपासून डोळा होता, हातवारे करून ओरडत होती की माल नसलेल्या बाईनं जागा अडवायची कसली? कांद्याचं पोतं तिनं लिंबाला टेकवूनही ठेवलं होतं. आणि तुळसा रिकाम्या पोत्यावर मांडी घालून बसली होती. समोर एक भेदरू नाही, एक जुडी नाही. पाय पिंढरीपर्यंत चिखलानं माखलेले, तुरीच्या फांद्यांनी हात ओरबाडलेले. बाजारातल्या बायका तिला हसत होत्या, आणि ती हलत नव्हती.

सीताबाईला पाहताच ती उठली.

"बसा, बाई. राखली हाये."

सीताबाईच्या डोक्यावर वांग्यांची पाटी तशीच होती. वर्षभरानं तिच्या तोंडून धाकट्या जावेसाठी शब्द निघाले, तेही भांडणाचेच.

"आज राखली. वर्षभर तं तूच बसत होती."

"तुमी येत होत्या ऊन पडल्यावर. तोवर रुपाबाईनं माल मांडला असता. मले वाटे, तुमी याल अन् ऊठ म्हनाल. तुमी तं पाह्यलंबी नाई."

"मंग बोलली काहून नाई?"

"अबोला तुमचा होता," तुळसा म्हणाली. "म्या कसा मोडावा?"

रुपाबाईनं आपलं पोतं उचललं आणि पुटपुटत निघून गेली. सीताबाई खाली बसली. एकोणीस वर्षांची जागा, पाठीला तेच खोड. तिला आनंद व्हायला हवा होता, आणि खरं सांगायचं तर झाला नाही. जागा हिसकावली असती तर हिच्याशी दहा वर्षं भांडता आलं असतं. आता काय करायचं? भेदरं हिची चांगली, बंडी हिची चांगली, तिथवर ठीक होतं. त्यात कधी ना कधी पुढं जाता आलं असतं. मन पण हिचंच मोठं निघावं? सीताबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पश्चात्तापाचं नव्हतं. हेव्याचंच होतं, पहिल्यापेक्षा खोल.

तुळसा पदरानं हात पुसत आपला माल आणायला हिरालालच्या बंडीकडे निघाली. लिंबाखाली तिला आता जागा नव्हती; मासळीच्या बाजूलाच जावं लागणार होतं. सीताबाईनं ते पाहिलं. थोडा वेळ तिनं तसंच जाऊ दिलं.

"तुळसा," तिनं हाक मारली. "इथंच आन तुह्या पाट्या. जागा पुरते दोघीले."

तुळसा हसली, अगदी वेण्या घालून घ्यायला बसायची तेव्हासारखी. तिनं भेदरं आणून मांडली, आणि सीताबाई पोत्यावर सरकून बसली. दोघींच्या पाट्या शेजारी शेजारी लागल्या. गिऱ्हाईक यायला लागलं. तुळसा खाली वाकून तराजू नीट करत होती तेवढ्यात सीताबाईनं कोणाच्या लक्षात न येईल अशा बेतानं आपली वांग्यांची पाटी दोन बोटं पुढं सरकवली.